वाघ म्हणजे भूक

वनखात्यातल्या श्रीहरी गार्डाला रूपकांचं भारी वेड. गोंडपिपरीकडच्या त्याच्या जंगलात साग दिसला की तो पोक्त सासरा, नाला दिसला की रुसलेली सून. साधं झाड साधं राहीलच कसं! बायको म्हणायची, "भाजीत मीठ कमी हाय, एवढं सांगाले तुमाले समुद्र लागते."

त्याची एक कथा दिवाळी अंकात आली आणि नाव झालं. कथा गावातल्या लटारूची. लटारू चैतात पहाटे मोहफुलं वेचायला गेला, खाली वाकला, आणि वाघानं त्याला मागून धरलं. पंचनाम्याला श्रीहरीच होता. पण कथेत त्यानं वाघाला वाघ ठेवलं नाही, गरिबाला घरातून ओढून नेणारी भूक केलं. वाचनालयानं सत्कार केला, नारळ दिला.

आणि हौस पाहा, ती कथा लटारूच्या बायकोला, कमळाला, वाचून दाखवायला तो तिच्या ओसरीवर गेला. तिच्या तोंडून चांगलं ऐकल्याशिवाय त्याला चैन नव्हतं.

तांदूळ निवडता निवडता कमळानं सगळी ऐकली. म्हणाली, "बराबर लिवलं भाऊ. भुकेनंच नेलं त्याले. त्या दिवशी मीच त्याले उठवलं, म्हून मी सोताले खात होती. आता वाटते, कोनाचाच दोष नाई."

श्रीहरीचं तोंड उतरलं. लटारू गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याच मोहाखाली वाघाचे ताजे ठसे त्यानं पाहिले होते. कोतवालाला सांगून दवंडी द्यायची, एवढंच काम होतं. भुकेचे ठसे मातीत उमटत नाहीत. म्हणून तर आपल्याला भूक सुचली, हे त्याला आत्ता तिच्यासमोर कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कमळाबाई, वाघाचे ठसे मी आदल्या दिवशीच पाह्यले होते. गावात सांगतलं नाई."

तिचा हात थांबला. "काऊन?"

नशीब, अंधार, काळ, सगळी रूपकं तोंडाशी आली. त्याला त्यांचीच लाज वाटली.

"कंटाळा आला होता," तो म्हणाला.

कमळानं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"मी त्याले उठवलं, हे मी साऱ्या गावाले रडून सांगतलं," ती म्हणाली. "तुमी तं पुस्तकातबी नाई सांगतलं, भाऊ."