नाना देवरे आणि रबराची एक चकती

नानांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांचा चेहरा दिसलाच नाही. कडोदरा रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात एका गाडीच्या बॉनेटखाली ते वाकलेले होते. मी नवागामच्या एका लूमखात्यात माग दुरुस्त करणारा फिटर. खाते बंद पडले म्हणून काम मागायला आलो होतो. मी माझे कौतुक सांगायला सुरुवात केली, तसा आतून एक हात वर आला. मी गप्प झालो. बराच वेळ फक्त इंजिन चालू होते. मग त्यांनी डोके बाहेर काढले आणि विचारले, "काय ऐकं?" मी म्हणालो, "आवाज." ते हसले आणि म्हणाले, "सकाळी ये. आवाज ऐकू येस, एवढं पुरं शे."

माधवराव देवरे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यंदा साठ वर्षांचे झाले, आणि त्यांच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या अंकात मलाही लिहायला सांगितले आहे. खानदेशातून सुरतेला आलेली आपली बहुतेक माणसे मागावर बसली. नाना गाड्यांकडे वळले. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण परदेशी गाड्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तके ते शब्दकोश शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत वाचतात. एक पान वाचायला कधी दोन दिवस लागतात. आम्ही थट्टा केली तर म्हणतात, "गाडीले घाई नही, तुमले कसाची शे?"

त्यांच्या गॅरेजात एक रीत आहे. गाडीतून जी वस्तू निघेल, ती वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायची. मग तो झिजलेला पट्टा असो नाहीतर तुटका स्क्रू. शिवाय ती का निघाली तेही सांगायचे. मला सुरुवातीला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. लोक ते पुडके दोन पावलांवर फेकून देतात, मग कशाला एवढा कागद नासायचा? ही रीत किती अवघड आहे, ते मला पुढे चांगलेच कळले.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कापडवाल्या शेठची जपानी गाडी आमच्याकडे यायची. तिचा ड्रायव्हर भगवान, मूळचा परभणीकडचा, गोडादऱ्यात एका खोलीत बायको आणि दोन मुलींसह राहणारा. चढावर गाडी ओढेनाशी झाली, इंजिनातून टकटक येऊ लागली. शेठच्या कुणा जाणत्या मित्राने सांगितले की ही भेसळीच्या पेट्रोलची खूण. झाले. शेठ स्वतः गाडी घेऊन आले, मागून भगवान चालत आला. चावी त्याच्याकडून काढून घेतली होती.

"माधवभाई, आ माणस पेट्रोलमां घासलेट भेळवे छे," शेठ म्हणाले. "काल सुधीमां जोई आपो. एवुं नीकळे तो एने छुट्टी."

उद्यापर्यंतची मुदत होती.  शेठ गेल्यावर भगवान मला म्हणाला, "पंडितभाऊ, पोरींची आण घेऊन सांगतो, राकेलला हातबी लावला न्हाई म्या. पण येकदा नाव पडलं की दुसरं कोण गाडी देतंय मला?" त्याचे खरे होते. घासलेटवाला म्हणून शिक्का बसलेल्या ड्रायव्हरला सुरतेत कुणी दारातही उभे करत नसे.

नानांनी त्याला आधी चहा पाजला. मग टाकीतले थोडे पेट्रोल काढून कोऱ्या कागदावर थेंब टाकले आणि कागद वाळू दिला. रॉकेल असते तर तेलकट डाग मागे राहिला असता. कागद स्वच्छ वाळला. "तुना दोष नही," नाना म्हणाले, "पण शेठले कागद पुरणार नही. टकटक कसामुळे येस, ते दावनं पडी."

त्या गाडीला नॉक सेन्सर होता. सेन्सर म्हणजे इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलेला त्याचा कान. आत पेट्रोल भलत्या वेळी पेटले की धडक बसते. सेन्सर ती ओळखून गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी जरा उशिरा पाडतो. त्या गाडीला आपल्याकडचे पेट्रोल तसे हलकेच; या कानाच्या जोरावरच ती सुखाने चालत होती.

नानांनी इंजिनाचा वेग थोडा चढवला, ठिणगी कधी पडते ते दाखवणारा टायमिंगचा दिवा पुलीवरच्या खुणेवर धरला आणि मला सेन्सरशेजारी पान्ह्याने हलके ठोकायला सांगितले. ठोकले की ठिणगी मागे सरून खूण हलायला हवी. ती जागची हलली नाही. "सेन्सर गेला," मी म्हणालो. मुंबईहून नवा मागवायला आठवडा लागला असता आणि शेठ तर उद्यावर बसलेले. ते ऐकून भगवान मुदत वाढवून मागायला शेठच्या पेढीकडे पळाला. नानांनी सेन्सरच्या दोन तारांना मीटर लावले. ठोकले, काटा जेमतेम थरथरला. मग त्यांनी सेन्सर खोलून हातात धरला आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने त्यावर टिचकी मारली. काटा टणकन उडाला.

सेन्सर धडधाकट होता. नानांनी बॅटरी घेऊन त्याच्या बसण्याच्या जागेवर उजेड पाडला आणि चिमट्याने तिथून एक काळी चकती उचलली. जुन्या ट्यूबमधून कापलेली, मधोमध नीट भोक पाडलेली.

मी हातातला पान्हा खाली ठेवला.

"हाई रबर कोनी लावं?" नानांनी विचारले.

"मी लावं, नाना."

तीन आठवड्यांपूर्वी स्टार्टरचे काम करताना तो सेन्सर मीच काढला होता. परत बसवताना वाटले, एवढ्या थरथरीत बोल्ट सैल होईल. लूमखात्यात आम्ही मागाच्या ज्या ज्या भागाला हादरे बसतात, त्याच्याखाली रबर सारायचो. माझी अक्कल तेवढीच धावली. ज्या वस्तूचे कामच हादरा ओळखायचे, तिच्याखाली मी गादी घातली होती, आणि वर माझ्या कारागिरीवर खूश होतो.

नाना शिव्या देतील असे वाटले. त्यांनी विचारले, "मंग त्याले ऐकू कसं येई?" एवढेच. जागा माझ्याकडून घासून चकचकीत करवून घेतली, सेन्सर धातूला धातू लावून मापाच्या पान्ह्याने आवळायला लावला. पुन्हा दिवा धरला, मी ठोकले, खूण सरकली. कडोदऱ्याच्या पुलाच्या चढावर गाडी नेली, टकटक नाही. नानांनी ती चकती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "चाल, शेठकडे जाऊत."

मी म्हणालो, "नाना, सेन्सर मळेल व्हता, एवढंच सांगूत ना." भगवान त्यातही सुटला असता, मीही सुटलो असतो. नानांनी पुडी खिशात घातली. "अर्धं सांगं तर शेठना मनमा अर्धं घासलेट राही जाई."

शेठच्या पेढीवर भगवान दाराशी उभा होता. नानांनी पुडी शेठच्या गादीवर उघडली. "शेठ, भूल अमारा गॅरेजनी छे. पेट्रोल चोख्खुं छे, ड्राइवरनो कोई दोष नथी." शेठनी विचारले, कुणी केली भूल? मी मान खाली घातली. नाना म्हणाले, "गॅरेज मारुं छे, एटले मारी." शेठनी ते रबर बोटांत धरून पाहिले. मग त्यांनी चावी भगवानच्या हातात दिली. पुढे वर्षभर शेठनी दुसरी एकही गाडी आमच्याकडे पाठवली नाही. नानांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

परतताना मला म्हणाले, "भगवानले मी नही सांगाव. तुले सांगनं व्हई तवय सांग." त्यानंतर चार वर्षांत त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. आणि भगवान? त्या दिवशी इंजिनावर ठोकणारा मी होतो म्हणून तो दर दिवाळीला नानांच्या घरी जातो तसा माझ्याही घरी करंज्यांचा डबा आणतो. "तुम्ही दोघांनी वाचवलं," म्हणतो. मी तो डबा घेतो. चार दिवाळ्या घेतला.

लिहायचे म्हटल्यावर अंग चोरत होतो ते यासाठी. नानांच्या सचोटीवर लिहायचे आणि ही पुडी खिशातच ठेवायची, हे जमणारे नव्हते. सत्काराच्या दिवशी नानांना सभागृहात भगवानच आणणार आहे, शेठनी त्यासाठी खास गाडी दिली आहे. हा अंक त्याला सर्वांआधी मिळेल असे मी पाहीन. भगवान, ते रबर मी लावले होते. तुझी चावी माझ्यामुळे गेली होती.

नाना, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, आपले गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, आणि आपले कान तर शंभरी ओलांडूनही असेच तिखट राहोत. आपण सांगितलेले काम चार वर्षांनी पुरे करतो आहे. उशीर झाला, माफ करा. या दिवाळीला डबा आला, तर मी तो मान वर करून घेईन. आणि नाहीच आला, तर करंज्या घेऊन मीच गोडादऱ्याला जाईन.