पावलातली नाडी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर नाही." माझ्याभोवती उभी असलेली माणसं एकदम बोलायला लागली. "देवानं राखलं." "हाड शाबूत हाय, महिन्यात पळायला लागंल." मलाही हायसं वाटलं.

तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या डाव्या पावलावर दोन बोटं ठेवली. मग घोट्याच्या आतल्या बाजूला. मग उजव्या पावलावर, आणि परत डाव्या. तरुण डॉक्टर होते, सरकारी दवाखान्यातले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"हाडाची मला काळजी नाही," ते म्हणाले. "गुडघा निखळला होता, तो मी बसवलाय. पण या पावलात नाडी लागत नाहीये. पायात रक्त जात नाहीये."

नाडी मनगटाला असते एवढंच मला माहीत होतं. ती पावलालाही असते हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही बंद पडल्यावर.

मी जळकोटचा. लोहाऱ्याला कचेरीत कारकून आहे. सकाळी मोटरसायकलवर जायचं, संध्याकाळी परत यायचं, कित्येक वर्षं हेच चाललं होतं. रस्त्यातले खड्डेसुद्धा पाठ झाले होते. ते सोयाबीन काढणीचे दिवस होते. शेतात ओल असली की आमच्याकडं लोक डांबरी रस्त्यावरच रास वाळत घालतात. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन, आणि गाड्या त्यावर येऊ नयेत म्हणून कडेनं मांडलेले मोठे दगड. मी रोज जपून बाजूनं काढायचो. त्या दिवशी समोरून टेम्पो भरधाव आला. त्याला जागा द्यायला मी दोन दगडांच्या मधून गाडी आत घेतली आणि चाक दाण्यांवर गेलं. ब्रेक दाबला, पण गाडी थांबायच्या ऐवजी आडवी झाली. पुढच्या दगडावर डावा गुडघा आपटल्याचा आवाज मला ऐकू आला. डोक्यात हेल्मेट होतं. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही.

ज्याचं सोयाबीन होतं तोच माणूस पहिला धावत आला. बसवणप्पा त्यांचं नाव, साठीच्या पुढचे, कपाळावर भस्माचे पट्टे. "अय्यो शिवा, अय्यो शिवा," करत त्यांनी गाडी माझ्या अंगावरून उचलली. माझा पाय गुडघ्यातून भलतीकडंच वळलेला होता. मी मान वर करून बघायला लागलो तसा त्यांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला.

"माझ्याकडं बगा, सायेब. खाली बगू नका."

त्यांनीच प्रवासी भरून चाललेली वडापची जीप थांबवली, आतल्या माणसांना उतरवलं आणि माझं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आले.

आता ते तरुण डॉक्टर मला अँब्युलन्समध्ये घालत होते. "सोलापूरला जा. रक्त बंद पडल्यापासून साधारण सहा तासांत ते सुरू व्हायला हवं, नाहीतर पायाचे स्नायू मरायला लागतात. मी फोन करून ठेवतो. कुठंही थांबू नका."

थांबलो फक्त जळकोटच्या फाट्यावर. माझी बायको सारिका तिथं रस्त्यावर उभी होती. ती चढली आणि अँब्युलन्स परत हायवेला लागली.

नळदुर्गच्या पुढं गेल्यावर पाय दुखायचा कमी झाला. मी सारिकाला म्हणालो, "आता बरं वाटतंय." ती खूश झाली नाही. तिनं चादर वर केली आणि पायाच्या अंगठ्याशी काहीतरी केलं.

"चिमटा घेतलेला कळतोय का?"

"घे की."

"घेतलाय," ती म्हणाली.

त्यानंतर सोलापूर येईपर्यंत मी बोटं हलवायचा प्रयत्न करत होतो. माझ्या मनानं ती हलत होती. चादर मात्र हलत नव्हती.

सोलापूरच्या दवाखान्यात आधी डॉप्लर केलं. पेनासारखं एक यंत्र असतं. ते कातडीवर टेकवलं की आत वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. उजव्या पावलावर टेकवल्यावर वारा फुंकल्यासारखा आवाज आला, ठेक्यात. डाव्यावर टेकवल्यावर नुसती खरखर. यंत्र धरलेल्या मुलीनं जागा बदलून बदलून बघितलं. रेडिओ लागत नसल्यावर करतात तसं.

मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तात औषध सोडून रक्तवाहिन्यांचा फोटो काढतात. सर्जननी तो मला दाखवला. मांडीतून पांढरी रेघ खाली येत होती आणि गुडघ्याशी संपत होती. पुढं काळं. "ही पॉप्लिटिअल आर्टरी," ते म्हणाले. "गुडघ्याच्या मागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी. गुडघा निखळताना ताणली गेली आणि आतून फाटली. दुसऱ्या पायातली शीर काढून इथं जोडावी लागेल."

ते सारिकाला बाजूला घेऊन बोलले, पण मला ऐकू येत होतं. "पाय वाचवायचा प्रयत्न करतो. आत गेल्यावर स्नायू मेलेले दिसले तर गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल. तेव्हा बाहेर येऊन विचारायला वेळ नसेल. दोन्हीसाठी सही आत्ताच लागेल."

"त्यांचा पाय हाय," सारिका म्हणाली. "त्यांना इचारते."

ती माझ्या खाटेशी आली. "काय करू?"

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. पण माझे दात वाजत होते. "मला लई भीती वाटतीय," एवढंच बोललो.

"मलाबी. पण मला तुम्ही पाह्यजेत. पायाचं मग बगू." आणि ती सही करायला गेली.

भूल देईपर्यंत मी छताकडं बघत हाच विचार करत होतो, की उठल्यावर कसं कळेल? पाय नसला तरी असल्यासारखा वाटतो म्हणतात. मग मी कशावर विश्वास ठेवायचा?

शुद्धीवर आलो तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता. नर्सला खुणेनंच विचारलं. तिला ही खूण ओळखीची असावी. "आहे," ती म्हणाली. "बघायचाय?" तिनं चादर उचलली.

पाय होता, पण माझा वाटत नव्हता. गुडघ्याच्या वर-खाली कातडीतून लोखंडी पिना बाहेर आलेल्या आणि त्या सळ्यांनी बांधलेल्या. याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात, नवीन जोडलेली शीर ताणू नये म्हणून गुडघा बाहेरून जखडून ठेवतात. पोटरी दोन्ही बाजूंनी लांबलचक चिरून उघडी ठेवलेली होती. रक्त परत सुरू झालं की स्नायू सुजतात आणि त्या दाबानंच परत रक्त अडतं, म्हणून आधीच वाट मोकळी करून देतात. त्याचं नाव फॅशिओटॉमी.

सर्जन सकाळी आले. "पाय आज आहे," ते म्हणाले. "उद्याचं उद्या सांगू."

त्यांनी खोटं सांगितलं नाही याचं मला नंतर मोल वाटलं. तेव्हा मात्र त्या दोन वाक्यांनी माझी झोप उडवली. नर्स थोड्या थोड्या वेळानं डॉप्लर घेऊन यायची. यंत्र टेकवून आवाज येईपर्यंतचा तो क्षण, दर वेळी मी श्वास धरायचो. आवाज आला की सोडायचो. पुढच्या खेपेची भीती लगेच सुरू.

आईला दिवसातून एकदा आत सोडायचे. ती डोळ्याला पदर लावायची नाही, काही विचारायची नाही. सरळ पायाशी जायची आणि माझी बोटं मुठीत धरायची. "ऊन हाय रं, ऊन हाय," म्हणायची. यंत्रापेक्षा मला तिच्या हाताचा भरवसा वाटायचा. एके दिवशी तिनं बोटं धरली आणि काही बोललीच नाही. मी विचारलं, "गार हाय का?"

"न्हाय, ऊनच हाय," ती म्हणाली. पण ती दुसऱ्याच कशाकडं तरी बघत होती.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. मला वाटलं, सुरुवात झाली. आता हे काळं वर चढत येणार. डॉक्टर येईपर्यंत मी डोळे मिटून पडलो. त्यांनी तपासून सांगितलं, "मुख्य प्रवाह चालू आहे. ही दोन बोटं पहिल्या काही तासांतच गेली होती, आता दिसतायत. एवढंच काढू." एवढंच! दोन बोटं जाणार हे ऐकून माणसाला आनंद होतो, हे मी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

वॉर्डात हलवल्यावर मला कळलं की बसवणप्पा पहिल्या दिवसापासून येत होते. वर येत नव्हते. खाली पायरीवर बसायचे. रक्त लागलं तेव्हा त्यांच्या मुलानं दिलं होतं. सारिकानं त्यांना पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं होतं. "रस्ता काय खळं हाय का तुमचं?" त्यांनी फक्त हात जोडले. "चुकलं माय. शेतात निसता चिखूल हाय. दरसाल घालतो तसं घातलो." ते कन्नड घरातले, मराठी असंच बोलतात.

मला त्यांचा राग होता. खोटं कशाला बोलू? पडल्या पडल्या मी त्यांच्याशी मनातल्या मनात किती भांडलो याला हिशोब नाही. मी त्यांना वर बोलावलं ते भांडायलाच. ते आले, खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. पोलीस येतील, केस होईल, याची त्यांना माझ्या पायाइतकीच धास्ती होती.

"पाय कापला असता तर काय केलं असतं तुम्ही?" मी विचारलं.

"काय करता येतंय मला, सायेब? येऊन बसलो असतो. आतापन बसलोच हाय."

मी म्हणालो, "खाली नका बसू. इथं बसा."

पुढचं सगळं संथ होतं. मांडीची कातडी काढून पोटरीवर लावली, त्याला स्किन ग्राफ्टिंग म्हणतात. फिक्सेटर निघाला. घरी आलो. नस दुखावल्यानं पाऊल वर उचलता येत नाही, याला फूट ड्रॉप म्हणतात. चालताना पंजा लोंबतो आणि चप्पल मागं राहते. त्यासाठी बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. गुडघा काटकोनापर्यंत वाकतो, त्यापुढं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

शरीराचं हे असं. भीतीचं कुणी आधी सांगितलं नव्हतं. गल्लीत कुणी मोटरसायकल चालू केली की माझा हात आपोआप गुडघ्यावर जायचा. पायाला मुंग्या आल्या की शीर बंद पडली असं वाटायचं, आणि मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून पाऊल धरायला लावायचो. फिजिओथेरपी करणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "पाय बरा होतोय, पण तुम्ही अजून त्या रस्त्यावरच पडलेले आहात." त्यांनीच एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं. गेलो. लाज वाटली, तरी गेलो. उपयोग झाला.

ज्यांच्यावर हे येईल त्यांना एक सांगतो. गाडीवरून पडून गुडघ्याला जोराचा मार लागला आणि एक्स-रेत हाड चांगलं दिसलं, तरी तेवढ्यावर घरी जाऊ नका. दोन्ही पावलांना हात लावून बघा. एक ऊन आणि एक गार लागलं, बोटं बधिर झाली, रंग पांढुरका दिसला, तर डॉक्टरांना विचारा, नाडी लागतेय का? नाडी लागली तरी गुडघा निखळलेला असेल तर आतली रक्तवाहिनी तपासून घ्यायला सांगा. दुखायचं एकदम थांबलं तर खूश होऊ नका. त्या तरुण डॉक्टरांनी एक्स-रे बघून मला वॉर्डात टाकलं असतं तर मी आज हे बसून लिहीत असतो, पण एका पायावर.

कामावर परत रुजू व्हायचा दिवस ठरला तेव्हा जायचं कसं हा प्रश्न आला. एसटीची पायरी मला चढवत नाही. सारिका म्हणाली, "मी सोडते."

"कशावर?"

मी अंथरुणावर असताना ती भावाकडं जाऊन स्कूटर चालवायला शिकली होती. मला सांगितलं नव्हतं, कारण मी घाबरलो असतो. मी घाबरलोच. नको म्हणालो, ओरडलो, जेवलो नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी स्कूटर दारात आणून उभी केली.

आईनं धरून मला मागं बसवलं. डावा पाय नीट वाकत नाही, म्हणून तो लांब करून ठेवायला फळी लावून घेतली होती. गाडी हलली तशी मी डोळे मिटले.

"हळू," मी म्हणालो. "ट्रक आला तर थांब. कडंला घेऊ नकोस. हळू."

"हळूच हाय."

"सारिका, मला उतरव. मला जमत न्हाय."

तिनं गाडी थांबवली नाही. "मागं बसून तुम्ही भेता," ती म्हणाली, "पुढं बसून मी न्हाय का भेत? धरा मला."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा थरथरत होता. मी डोळे उघडले आणि दुसराही हात ठेवला.