खाली न टेकलेली डोली

डोंगरावरच्या देवळाकडे निघालेली, तारेने ओढली जाणारी ट्रॉली रुळांवर मध्येच थांबली. ग्रीसचा वास आला, खाली उभा उतार दिसला आणि मला बसवेना.

कितीतरी वर्षांपूर्वी बाळंतपणात अडलेल्या वहिनीला आम्ही वेल्ह्याच्या वरच्या वस्तीतून घोंगडीच्या डोलीत उतरवत होतो, तो उतार डोळ्यांसमोर आला. ओल्या लोकरीचा वास, पायाखाली निसटणारा मुरूम.

"अवं, जरा खाली टेकवा, सोसंना," वहिनी कण्हली.

"खाली टेकवत्यात ती तिरडी," दादा खांदा बदलत म्हणाला.

"मग पळा की! वरातीवानी काय चालताय?" वहिनी करवादली.

तेव्हा मी दादावर चिडले होते. आता कळतं, एकदा टेकवली असती तर दमलेल्या खांद्यांना ती पुन्हा उचलवली नसती. सडक लागायच्या आधीच डोलीत भाचा रडला.

आता त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत आणि वस्तीला अजून सडक नाही. मी ट्रॉलीतूनच त्याला फोन लावला, "तिला आजच खाली वेल्ह्यात आण. चालतीय तवर."