गुरुवारी रेंज येते

विश्रांतवाडीच्या आमच्या शांतिबन सोसायटीत वीस बिऱ्हाडं आहेत आणि त्यांतल्या एकोणीस घरांत बिनडोक माणसं राहतात. हे मी रागानं म्हणत नाही, त्या एकोणिसांत मीही आहे. विसावं घर सत्यशीला रामटेके यांचं होतं.

बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. वडील विडी कारखान्यात होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि घरात जन्माला येईल ती मुलगी शिकणारच, असं ठरवूनच परतले. सत्यशीला शिकल्या, परीक्षा दिली आणि एकोणऐंशी साली पुण्याला टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. नगरचा माणूस सोलापूरशी बोलू शकत होता तो या बायांच्या हातांमुळे. शेजारच्या खुर्चीवर शर्मिला पोटे बसायच्या. दोघी एकाच महिन्यात लागल्या, आठ तासांच्या पाळीत खांद्याला खांदा लावून बसल्या, एका डब्यात जेवल्या. पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, आणि दोघींना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. शर्मिलाबाई तक्रार लिहून घेत आणि मोकळ्या होत. रामटेके बाईंना तेवढ्यानं चैन पडत नसे. त्या लाइनमनला खोदून खोदून विचारत, बिघाड कुठे होता, कसा सापडला, आधी काय तपासलं. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. निवृत्तीनंतर त्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहत होत्या.

तेव्हा आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर होता आणि रेंज ही विचार करण्याची गोष्ट आहे, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मग आमचे अध्यक्ष बद्रीनाथ नगरकर यांच्या फोनवर एक मेसेज आला. टॉवरमुळे चिमण्या मरतात, केस गळतात, आणि आणखी बरंच काही. नगरकर एका खासगी कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि कंपनीनं काढून घेतलेला रुबाब सोसायटीत वापरणारे गृहस्थ. त्यांनी खास सभा बोलावली. डोक्यावर एक केस नसलेल्या माणसानं केस गळण्यावर वीस मिनिटं भाषण केलं आणि आम्ही माना हलवत ऐकलं.

रामटेके बाई उठल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, की टॉवरच्या लहरी लांबवर बाहेर फेकल्या जातात, खालच्या घरांत त्या फारशा येत नाहीत. उलट रेंज कमी झाली, की तुमच्या खिशातल्या फोनलाच जास्त जोर लावावा लागतो.

नगरकर हसून म्हणाले, "बाई, तुमचं खातं तारांचं होतं. हा विषय लहरींचा आहे."

सगळे हसले. मीही हसलो. एकोणीस हात वर झाले आणि काही महिन्यांत टॉवर उतरवला गेला.

पुढे दोन्ही बाजूंना बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आम्ही त्यांच्या मधल्या खड्ड्यात सापडलो. घरात रेंज एक-दोन दांड्या, त्याही खिडकीत. ज्यांनी टॉवर घालवला होता तेच लोक आता पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ, फोन डोक्याच्या वर धरून उभे राहू लागले. बँकेचा ओटीपी यावा म्हणून माणसं बनियनवर खाली यायची. संध्याकाळी तिथे आठ-दहा जण एकमेकांकडे पाठ करून ओरडत असत, त्यामुळे कुणाच्या सुनेचं काय चाललंय हे सगळ्यांना कळायचं. ज्यांच्या घरी वायफाय होतं त्यांचं निम्मं भागायचं. पण आपल्या हातानं हे झालं, असं एकानंही कधी म्हटलं नाही. सगळे मोबाइल कंपन्यांना शिव्या द्यायचे. सगळ्यांत मोठ्यानं नगरकर.

रामटेके बाईंचा फोन एकाच कामाचा होता. रोज दुपारी चार वाजता त्या धायरीला शर्मिलाबाईंना फोन करत. दोन वर्षांपूर्वी शर्मिलाबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, जीभ जड झाली. एकेक शब्द त्यांना शोधून, उचलून आणावा लागे. मुलगा सौरभ आणि सून कामावर जायची, दुपारी त्या एकट्याच असत. टचस्क्रीन त्यांना जमत नव्हता, म्हणून सौरभनं मोठ्या बटणांचा साधा फोन दिला होता. त्यावर वायफाय नाही, व्हिडिओ नाही, आवाज तेवढा. पलीकडच्या बाईला एक शब्द काढायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमका तोच शब्द रेंज खाऊन टाकते. "काय म्हणालीस?" असं पुन्हा विचारायचं, तर त्या बिचारीला सगळी खटपट पुन्हा करावी लागे. बाई विचारतच नसत. त्या नुसत्या हो म्हणत.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मात्र त्या दांड्याही गेल्या. फोन लागेचना. खिडकीत नाही, गॅलरीत नाही. पार्किंगमध्ये उभं राहून बोलण्यासारखं ते बोलणं नव्हतं, आणि गुडघ्यांमुळे बाईंना अर्धा तास उभं राहवतही नव्हतं. दोन बस बदलून त्या आठवड्यातून एकदा धायरीला जाऊ लागल्या. एकदा परत येताना जिन्यात मला भेटल्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, की आज शर्मिलानं त्यांना विचारलं, तुला माझा कंटाळा आला का. हे वाक्य बोलायला तिला किती वेळ लागला, तेही त्यांनी सांगितलं.

मी म्हणालो, काय करणार, कंपन्याच तशा आहेत.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वर जायची घाई झाली.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते आमच्या इमारतीतल्या तीन इंजिनिअरांना सुचलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज चार वेळा फोनमधल्या दांड्या पाहून लिहू लागल्या. शून्य, शून्य, शून्य. पाच आठवडे झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तीन गुरुवारी सकाळी तिथे दोनचा आकडा आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्याकडे कधीकधी वीज जाते. वीज गेली की रेंज येते, वीज आली की जाते. लोकांनाही हे जाणवलं होतं म्हणे. चौथ्या मजल्यावरच्या एका हुशार तरुणानं तर गुरुवारी सकाळी सगळे ओटीपी उरकायची सवय लावून घेतली होती. असं का होतं, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. पगार मात्र त्याला वर्षाला पंचवीस लाख आहे.

बाईंनी फलकावर चार ओळी लिहिल्या: उद्या सकाळी अकरापासून प्रत्येक घराची वीज दोन-दोन मिनिटं बंद केली जाईल, कारण नंतर समजेल. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नगरकरांनी त्याचा फोटो टाकून खाली लिहिलं, "करू द्या. बाईंना जुन्या नोकरीची सवय आहे." पुढे हसरा चेहरा. पाठोपाठ आणखी अकरा हसरे चेहरे.

बुधवारी अकरा वाजता बाई वॉचमन सीतारामला घेऊन मीटरच्या खोलीत गेल्या. मला त्यांनी त्यांच्या गॅलरीत फोन घेऊन उभं केलं. दांडी आली की खाली सांगायचं, एवढंच माझं काम. एकेक मेन स्विच खाली जात होता, दोन मिनिटांनी वर येत होता. अकरा घरं झाली, काहीच नाही. बाराव्या घराचा स्विच पडला आणि माझ्या हातातल्या फोनवर दोन दांड्या उभ्या राहिल्या. गेल्या दोन दिवसांचे मेसेज टणटण येऊन पडायला लागले. मी खाली ओरडलो. बाईंनी स्विच वर केला, दांड्या गेल्या. खाली केला, आल्या. असं त्यांनी तीनदा केलं.

बारा नंबर नगरकरांचा.

बाई सावकाश जिना चढून आल्या, मला बरोबर घेतलं आणि बाराची कडी वाजवली. नगरकरांनी दार उघडलं तेच चिडून. "अहो, काय चाललंय? माझा महत्त्वाचा कॉल चालू होता, तीनदा तुटला."

"घरात बसून बोलत होतात?" बाईंनी विचारलं.

त्या क्षणी मला आठवलं, की कित्येक महिन्यांत हा माणूस फोन घेऊन पार्किंगमध्ये आलेलाच नाही. तरीही रोज संध्याकाळी ग्रुपवर रेंजच्या नावानं गळा काढायचा.

बाई सरळ आत गेल्या, मी त्यांच्या मागे. आतल्या खोलीत कपाटावर एक पांढरी पेटी होती, हिरवा दिवा लागलेली. तिची तार खिडकीतून गच्चीवर जात होती, तिथे टीव्हीच्या डिशच्या मागे एक दांडा बांधलेला होता. ओळखीच्या माणसाकडून गुपचूप बसवून घेतलेला, रेंज वाढवणारा बूस्टर. बाईंनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं, की तुमची ही पेटी दिवसभर लांबच्या टॉवरच्या कानाशी किंचाळत असते, म्हणून त्याला आमचा कुणाचा आवाज जात नाही. शिवाय अशी पेटी परवान्याशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा आहे.

नगरकरांनी आधी नाकारलं. मग आपल्याला हे ठाऊक नव्हतं म्हणाले, ते बहुधा खरं असावं. अज्ञान हा त्या माणसाचा एकमेव प्रामाणिक गुण होता. पण त्यानंतर त्यांनी दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हे बघा, कशाला चर्चा. तुमच्या घरी एक वायर टाकून देतो. या गोरेंनाही देतो. आपल्या तिघांत राहू द्या."

हे सांगायला मला लाज वाटते, पण मी क्षणभर विचार केला. माझ्या घराच्या कुठल्या भिंतीवरून ती वायर येईल, इथपर्यंत.

बाई म्हणाल्या, "नगरकर, तीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. त्यातली एक स्वतःसाठी दाबून ठेवावी असं कधी मनात आलं नाही. संध्याकाळी सहापर्यंत हे खाली उतरलं नाही, तर मी लेखी तक्रार करीन."

साडेपाचलाच उतरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता फोन लागला. मी खालच्या पायरीवर होतो, स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बाई बोलत नव्हत्याच, ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला. वेळ घे, म्हणाल्या, ऐकू येतंय.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर नगरकरांचा मेसेज आला. कमिटीच्या अथक पाठपुराव्यामुळे रेंजमध्ये सुधारणा झाली आहे, सर्वांचे आभार. खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझा. सवयीनं दाबला गेला, असं मी स्वतःला सांगितलं. बाईंनी जिन्यात मला एवढंच विचारलं, "गोरे, तुम्हीही?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

वार्षिक सभेत बाईंनी सगळा प्रकार उभं राहून सांगितला. पेटी, तार, स्विच, बारा नंबर. आवाज चढवला नाही, एक शब्द जास्त वापरला नाही. मला वाटलं, आता तरी लोक नगरकरांना धरतील. तीन नंबरवाले कुलथे नगरकरांकडे वळून म्हणाले, "कुठून घेतलात हो? नंबर द्या ना त्याचा." मागून आणखी दोघांनी आम्हालाही द्या म्हटलं. नगरकरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी खिशातून फोन काढून नंबर शोधायलाही सुरुवात केली.

बाई बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्षानुवर्षं तक्रारी ऐकलेली बाई ती. मला वाटतं, या तक्रारीवर उपाय नाही असा शेरा त्यांनी त्याच वेळी मनात मारला. पुढच्या वर्षासाठी नगरकर बिनविरोध निवडून आले.

महिन्याच्या आत गच्चीवर डिशच्या मागे दोन नवे दांडे दिसले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तक्रार लिहिली, पोच घेतली. तिचं पुढे काय झालं ते पाहायला मात्र त्या थांबल्या नाहीत. जागा भाड्यानं दिली आणि धायरीत शर्मिलाबाईंच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. टेम्पो आला तेव्हा निरोपाला मी एकटाच होतो. बाकीचे पाण्याच्या टाकीजवळ होते, त्यांना रेंज मिळत नव्हती.

उन्हाळ्यात त्यांच्या नावाचं पेन्शनचं पत्र चुकून माझ्याकडे आलं, ते द्यायला मी धायरीला गेलो. बाई घरी नव्हत्या, शर्मिलाबाईंकडे सापडल्या. दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या, मधे निवडायला घेतलेली मेथी. शर्मिलाबाई काहीतरी सांगत होत्या. एक शब्द आला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. रामटेके बाई हातातली काडी तशीच धरून थांबल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. वाक्य पुरं व्हायला पाचेक मिनिटं लागली असतील, आणि ते एवढंच होतं, की सौरभला मेथी आवडत नाही.

बाईंनी मला चहा दिला, पत्र घेतलं. सोसायटीबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. मीच सांगायला गेलो, की हल्ली पार्किंगमध्येसुद्धा रेंज येत नाही. त्यांनी माझ्यापुढे मेथीची जुडी सरकवली.

"देठ जरा आखूड तोडा," म्हणाल्या.