लोहगडावरचे उंट

माझ्या नवऱ्याला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही. आंबीच्या एका कारखान्यात तो मालाची तपासणी करतो. तेवढ्यावर भागत नाही म्हणून घरी येऊन माझ्या पोळ्यांना पट्टी लावतो. लग्नाला आठ वर्षं झाली, मी हात टेकलेत. पण त्या ऑक्टोबरात त्यानं जे काही मांडलं, त्याला थोडी मीही जबाबदार होते, हे कबूल करते.

आदल्या दिवाळीत आम्ही लोणावळ्यातल्या या इमारतीत नवीन होतो. खाली गेटजवळ पोरं किल्ला करत होती. आमची सहा वर्षांची लेक फ्रॉक खोचून तिथं गेली. त्यांच्यातला मोठा, पाचवीतला, स्वतःला किल्लेदार म्हणवून घ्यायचा. त्यानं तिला विचारलं, तुमच्यात दिवाळी नसते ना? ही म्हणाली, नसते, आमचा नाताळ असतो. मग तू नुसती बघ, असं सांगून त्यानं स्वतःचा रुमाल तिच्या हातात धरायला दिला. पोरगी चार दिवस तो रुमाल धरून उभी. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा त्याचा कान पिरगळावासा वाटत होता.

वर्ष गेलं, दसरा जवळ आला आणि जेवताना लेकीनं हळूच विचारलं, यंदा मला घेतील का? मी बोलून गेले की नाही घेतलं तर आपण आपला करू, त्यात काय! झालं. नवऱ्याचे डोळे चमकले. त्यानं जाहीर केलं की आपण लोहगड करायचा, तंतोतंत मापाचा, आणि असा करायचा की अख्खी इमारत बघायला येईल. लेकीचा चेहरा फुलला. मग मी काय मोडता घालणार!

तेव्हापासून आमचे रविवार कामातून गेले. एरवी उपासना अकराला संपली की आम्ही घरी येऊन मटण-भात खायचो आणि आडवे व्हायचो. आता चर्चच्या फाटकातूनच गाडी थेट लोहगडाकडे. घरी जाऊन कपडे तरी बदलू म्हटलं, तर ऊन चढेल म्हणे. ऊन काय आमच्यासाठी थांबलं होतं? मी जरीच्या साडीत, नवरा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, लेक झालरीच्या फ्रॉकात, असे आम्ही गडाच्या पायथ्याशी उतरलो. तिथं ताक विकणाऱ्या मावशींनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"लगीन कुटं हाय? वर तर कायबी न्हाई," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं खिशातून टेप काढून दाखवली आणि गड मोजायला आलोय असं सांगितलं. मावशींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तिचा अर्थ मला विचारावा लागला नाही. दोन ग्लास ताक त्यांनी मला जास्तीचं दिलं.

ऑक्टोबरचा उन्हाचा तडाखा, पायात उंच टाचेच्या चपला, आणि नवरा प्रत्येक पायरीला वाकून उंची घेतोय. मी आकडे वहीत लिहीत होते, तीही चर्चमधून मिळालेली संडे स्कूलची वही. दुसऱ्या दरवाज्याशी माकडानं माझी पर्स ओढली. आत गीतांचं पुस्तक आणि चकल्यांची पुडी. त्या मेल्यानं आधी पुस्तक उघडलं, एक पान उलटलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक खाली टाकून चकल्या घेऊन गेलं. नवऱ्याला हसू आवरेना. मी दोन पायऱ्यांच्या उंच्या मुद्दाम चुकीच्या लिहिल्या.

पुढच्या रविवारी विंचूकाटा. गडाची ती लांबलचक सोंड त्यानं पावलांनी मोजली आणि मध्येच आकडा विसरला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली. त्याच्या पुढच्या रविवारी गड दुरून कसा दिसतो ते बघायला पवनानगरला. तो दिवस मात्र बरा गेला. सगळ्या उतारांवर सोनकीची पिवळी फुलं होती, धरणाकाठी तळलेले मासे मिळाले आणि टेप गाडीतच राहिली होती. लेकीनं काठावरच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी ओबडधोबड रचलं. नवरा तिला म्हणाला, असं नाही करायचं, घरी गेल्यावर मापात करू.

उपासना संपताच आम्ही तिघं चपला शोधत पळतो, हे पाळकसाहेबांच्या नजरेला आलंच होतं. त्यांनी एकदा नवऱ्याला गाठलं. घाईघाईत तो बांधकाम काढलंय एवढंच बोलला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत आमच्या बांधकामासाठी प्रार्थना केली, पाया भक्कम असो, छप्पर गळू नये, वगैरे. सगळ्या मंडळीनं मोठ्यानं आमेन म्हटलं. मी मान वर केली नाही. बाहेर आल्यावर दोघा-तिघांनी किती खोल्या काढताय असंही विचारलं. नवरा म्हणाला, चार दरवाजे आहेत.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या दारी पत्र्याखाली थोडी जागा आहे, तिथं काम सुरू झालं. विटा, दगड, त्यावर ओलं पोतं, त्यावर लाल मातीचा चिखल, चिखलावर अळीव पेरलं. लेक चिखलात हात घालायला धावायची आणि नवरा म्हणायचा, थांब, आधी माप. शेवटी तिच्याकडे टेपचं एक टोक धरायचं काम आलं. ते ती मन लावून करायची. किल्ला झाला मात्र झकास, हे मान्य करायला हवं. विंचूकाट्याला विंचूकाट्याचाच बाक होता.

मोजण्याच्या नादात गडी एक गोष्ट साफ विसरला. किल्ल्यावर मावळे लागतात. तो बाजारात पोचला तेव्हा मातीची सगळी चित्रं संपली होती, उरली होती एक भाजीवाली. कप्पाळ! भाजीवालीच्या जिवावर गड राखायचा का? लेकीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात तिनंच माळ्याकडे बोट दाखवलं. माळ्यावर आमच्या नाताळच्या गव्हाणीचा, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचा, खोका होता.

मी विचार केला आणि नियम घातला की गव्हाणीतलं बाळ आणि त्याचे आईबाप खोक्यातच राहतील, त्यांना डिसेंबराआधी त्रास द्यायचा नाही. बाकीच्यांना कामाला लावायला हरकत नाही, नाहीतरी अकरा महिने झोपूनच असतात. मग दोन मेंढपाळ काठ्या घेऊन महादरवाज्यावर उभे राहिले. एका पंखाचा देवदूत टेहळणीला बुरुजावर गेला. सात मेंढरं विंचूकाट्यावर चरायला लागली. तिघे मागी, म्हणजे ताऱ्यामागून बाळाला बघायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, भेटी घेऊन पायऱ्या चढत होते, मागे तीन उंट. नवऱ्याला उंट पटेनात. लोहगडावर उंट कसे येतील? लेक म्हणाली, तारा बघत बघत आले आणि कार्ला फाट्यावर चुकले. याला माप नसल्यामुळे नवऱ्यानं उंट राहू दिले.

वसुबारसेच्या संध्याकाळी पणत्या लावून आम्ही मागचं दार उघडं टाकलं. लेक नवा फ्रॉक घालून पाटावर बसली, कोणी आलं की माहिती सांगायला. साडेपाच झाले, साडेसहा झाले. वॉचमन भाऊ आले, देवदूताला नमस्कार करून गेले. सगळी पोरं पुढे गेटजवळ त्यांच्या किल्ल्यावर. मला पुढून त्यांचा कल्ला ऐकू येत होता आणि पाटावरची ती पाठमोरी वेणी दिसत होती. माझा जीव तुटत होता. शेवटी किल्लेदार एकटा आला, हात मागे बांधून गडाला फेरी मारली, विंचूकाटा भारी आहे म्हणाला आणि लोहगडावर उंट नव्हते असं सांगून निघून गेला. लेक रडली नाही. मलाच आत जाऊन चकलीचा डबा उगाच उघडझाप करावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर पाऊस ओतला. आमच्या गडाला पत्र्यामुळे थेंब लागला नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना फळाला आली असं नवरा म्हणाला. पुढच्या किल्ल्याची पार दैना झाली होती. महाराजांना तेवढं एका पोरानं पोटाशी धरून आत पळवलं होतं, पण मावळे कच्च्या मातीचे, त्यांचा चिखल झाला.

पाचच्या सुमारास मागच्या दारात किल्लेदार उभा. गुडघ्यापर्यंत लाल.

"काकू, ती आहे का? पोतं धरायला माणूस कमी पडतंय."

लेक कुठून कशी धावत आली मला कळलं नाही. दारात थबकली, परत फिरली, ओच्यात मागी, मेंढपाळ, देवदूत, मेंढरं आणि तिन्ही उंट भरले आणि नव्या फ्रॉकासकट पळाली. किल्लेदार उंटांबद्दल एक अक्षर बोलला नाही. आम्ही मागून गेलो तर ती खांद्यापर्यंत चिखलात होती, कोणीतरी तिला आरडाओरडा करून माती मागत होतं आणि ही त्यांच्यावर उलट ओरडत होती. माझे डोळे भरून आले. नवरा खिशातली टेप बाहेर काढणार होता, मी त्याचा हात धरला.

अंधार पडल्यावर ती घरी आली. मी तिला मोरीत उभं करून दोन बादल्या पाणी ओतलं. ती सांगायला लागली की सकाळी लवकर उठव, आपल्या किल्ल्याला अजून एकही बुरूज नाही.

"आहेत की, चांगले चार आहेत," नवरा मोरीच्या दारातून म्हणाला.

"तो नाही, पप्पा," ती म्हणाली, "तो तुमचा."