तळ्याच्या बाजूनं गाऱ्हाणं

गेल्या सोमवारी माहेरी देवीच्या देवळात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही... मांडवीला घरी परतले तरी मन तिथंच आहे.

माझं माहेर पूर्णगडच्या वाटेवर, कातळाच्या उघड्या सड्यावर. तिथलं तळं म्हणजे उन्हाळ्यात साऱ्या गावाचं पाणी. यंदा ते हिरवंगार झालं, पोरं तापानं फणफणली, आणि गावानं ठरवलं... तळ्यात चुना ओतून आतले किडे मारायचे. देवीचा कौलही घेतला. मूर्तीला लावलेली कळी उजवीकडून पडली म्हणजे होकार, मग पुढे कोण बोलणार!

बोलला तो आमचा दादा. मुंबईच्या कॉलेजात प्रोफेसर, विलायतेकडची मोठमोठी सरोवरं अभ्यासून आलेला. आदल्या शनिवारी आगबोटीतून उतरला तोसुद्धा मायक्रोस्कोपची पेटी पोटाशी धरून... वहिनी मागून येतेय की नाही, याचं भान नाही!

हे बारीक जीवच पाणी निवळ ठेवतात, ते मेले तर तळं सडेल, काठावर गुरं धुणं थांबवा, असं तो घसा फोडून सांगत होता. गाव ऐकत होतं आणि चुन्याच्या गोणी तळ्याकाठी उतरत होत्या. मला तर त्याचा रागच आला. पोरं तापानं तळमळत असताना किड्यांची कसली वकिली?

शेवटी त्यानं देवळाच्या पायरीवर मायक्रोस्कोप मांडला. काचेवर तळ्याच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि आधी मलाच बोलावलं.

काय सांगू... कणीहून बारीक जीव, अंग काचेसारखं आरपार. आत काळीज धडधडताना दिसत होतं. आणि पाठीत पिल्लं होती हो... जिवंत, हलणारी! मी पुन्हा एकदा डोळा लावला.

माझ्यामागून आमचे म्हातारे तातू गुरव वाकले. बराच वेळ उठेचनात. आमच्याकडे गाभण जनावरावर शिकारीसुद्धा बार टाकत नाहीत, आणि कौल लावणारे तर हेच.

"पोटुशी हाय गो ही," ते हळूच म्हणाले. "आमी देवीला किडं मारतो इतकंच सांगितलं. अर्धं सांगून घेतलेला कौल खरा कसा?"

मग पुन्हा कळी लावली. गावातल्या घराघरांची नावं घेऊन देवीला गाऱ्हाणं घालतात, तसंच तातूंनी घातलं...

"बाय माजे, तुज्या तळ्यात डोळ्यांना न दिसनारी लेकुरवाळी बी ऱ्हातात. गुरं आमी लांब धुवू, पोरांना पानी उकळून देऊ. पन चुना नको, आसा कौल दे!"

"व्हय महाराजा!" सारं गाव एका आवाजात म्हणालं. चुन्याच्या गोणी वाहणारेसुद्धा.

कळी उजवीकडून घसरली... आणि देवळात कधी हात न जोडणारा दादा खांबाला टेकून लहान पोरासारखा रडला.

एवढ्या मोठ्या शेजारात मी जन्मापासून राहत होते आणि मला ठाऊकच नव्हतं. दाखवलंस दादा, तुझे फार उपकार आहेत.