मागून हलणारी गाडी

मंगरूळपीरला माझ्या बहिणीकडे जाऊन परत येताना आमची गाडी रस्ता सोडून तुरीच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागली. गाडीत तिघंच होतो. बाबा चालवत होते, शेजारी मी आणि मागे आई. वळण होतं, वळणावर डांबराचं ठिगळ उखडलेलं होतं. बाबांनी वेग कमी केला, तरीही गाडीचा मागचा भाग कुणीतरी ओढल्यासारखा बाजूला गेला. बाबांनी गाडी सावरली, मुरमावर घेतली आणि उभी केली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पण आई पार घाबरली होती. रिसोडला घरी पोचल्या पोचल्या तिने माझ्या बहिणीला फोन लावला आणि बाबा समोर बसलेले असताना मोठ्या आवाजात सांगून टाकलं, "आता यायच्यानं गाडी होत नाई. मी त्यायच्या गाडीत बसत नाई, मंग काई बी होवो."

बाबा त्या वेळी सत्तरी ओलांडलेले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण त्याआधी तीस-बत्तीस वर्षं एसटीत चालक होते. पन्नास माणसं मागे बसवून त्यांनी घाटही उतरले आणि पुराच्या पाण्याच्या काठाशी गाडी थांबवून प्रवाशांच्या शिव्याही खाल्ल्या. आईच्या फोननंतर ते एवढंच म्हणाले, "गाडी मांगून हलून राह्यली. पहिल्यापासून सांगतो मी."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला गाडी दाखवली. त्याने मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी जोर दिला, गाडी जरा दबली आणि जागच्या जागी थांबली. "टणक हाये मॅडम. शॉकअप एकदम टकाटक." मग पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं आणि जाताना हळूच म्हणाला, "बाबायचं वय झालं आता."

मी शाळेत शिकवते. पोराच्या हातातला भोवरा काढून कपाटात ठेवायची सवय लागलेली आहे. तशीच मी बाबांच्या हातातून चावी घेतली आणि पर्समध्ये टाकली. मला वाटलं, चला, भांडण न होता काम झालं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

त्यानंतर बाबा शेतात एसटीने जायला लागले. ज्या स्टँडवरून त्यांनी गाड्या काढल्या, तिथे पिशवी घेऊन बाकावर बसायचे. एकदा दुपारी मी शाळेतून लवकर आले तर ते ओसरीत एकटे उभे होते. काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास हात लांब करून धरला होता आणि पाणी हलतं का ते बघत होते. मला पाहिल्यावर घाईने पिऊन टाकलं. मी काहीच न पाहिल्यासारखं करून आत गेले.

गाडी मग मीच चालवायची. चालवायची म्हणजे काय, बाजारापर्यंत नाहीतर शेतापर्यंत, बैलगाडीच्या जरा पुढे. त्या वेगात काय कळणार? मार्चमध्ये वाशिमला प्रशिक्षण निघालं. आमच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका मागे बसल्या आणि आम्ही निघालो. उशीर झाला होता म्हणून मी जरा दाबली. एका वळणावर खड्डा लागला आणि गाडी मागून गेली. अगदी तशीच. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते, ते एवढंसुद्धा हललं नव्हतं, आणि पाठीमागे मात्र कुणीतरी गाडीची शेपटी धरून झटका दिला होता.

"काय मॅडम, झोपल्या काय?" मागून एक बाई हसत म्हणाली.

मी झोपले नव्हते. म्हातारीही झाले नव्हते. मग बाबांचं काय चुकलं होतं? प्रशिक्षणात दिवसभर काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. मी वहीत गाडीची चार चाकं काढत बसले होते आणि मनात एकच धरलं होतं, की ह्या गाडीला नेमकं काय झालंय ते शोधल्याशिवाय सोडायचं नाही.

परत मिस्त्रीकडे गेले. त्याने परत गाडी दाबली, परत टणक निघाली. "जुनी झाली मॅडम. इकून टाका," तो म्हणाला. "आन म्हातारा मानूस चालवते म्हटल्यावर..."

"ह्या खेपी मी चालवत होती," मी म्हटलं. आवाज एवढा चढला की शेजारच्या हॉटेलातले लोक कप हातात धरून बाहेर बघायला लागले. मिस्त्रीने फडक्याला हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मी फणफणत घरी आले. ओसरीत बाबा बियाण्याची परीक्षा घेत बसले होते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि काही दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. आमच्याकडे पेरणीआधी हे घरोघरी करतात. दाणे चांगले पिवळे, टपोरे दिसत होते. रागाच्या भरात मी म्हटलं, "एवढं चांगलं बी दिसते, कायले भिजवता?"

"दिसते चांगलं," ते म्हणाले. "पण उगवंन काय? ते पाह्यल्याबिगर कसं समजंन?"

मी तिथेच पायरीवर बसले. सोयाबीनच्या दाण्याची परीक्षा होते ह्या घरात. बाबांच्या हाताची मात्र कुणी घेतली नाही. आईने फोनवर निकाल लावला, मिस्त्रीने शिक्का मारला आणि मी चावी उचलली. मला फार लाज वाटली.

मग मी सुरुवातीपासून लागले. आधी चारही टायरांत हवा सारखी केली, डिकी रिकामी केली आणि वाशिमच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगात गाडी नेऊन पाहिली. मागून हललीच, आणि मागून एक घूंघूं आवाजही येत होता. दुसऱ्या दिवशी वाशिम रस्त्यावरच्या टायरवाल्या चाचांकडे गेले आणि म्हटलं, मागची चाकं पुढे लावा, पुढची मागे. चाचा जुने माणूस. कारण विचारल्याशिवाय पान्याला हात लावत नाहीत. मी सगळं सांगितलं, बाबांसकट.

त्यांनी मागचं चाक काढून माझ्यासमोर उभं केलं. "हात फिरवा."

मी टायरवरून तळवा फिरवला. मऊ लागला.

"आता उलटा फिरवा."

उलटा फिरवला तर बोटांना करवतीसारखे दाते लागले. नीट बघितलं तर गोलाईवर जागोजागी खळगे पडले होते. थोडी जागा झिजलेली, पुढची शाबूत, पुन्हा झिजलेली.

"सीधा चालनारा टायर सारका घासते," चाचा म्हणाले. "हा उड्या मारत चालून राह्यला. जिथं पडला तिथं घासला."

त्यांनी चाकं बदलून दिली. मी वाशिमच्या दिशेने पाच-सहा मैल जाऊन आले. इतके दिवस मागून येणारी घूंघूं आता पुढून येत होती. म्हणजे आवाज टायरचा होता, तो टायरबरोबर पुढे आला. पण खड्डा लागला की गाडी अजूनही मागूनच जात होती. म्हणजे खोड टायरमध्ये नव्हती. टायर बिचारा खोडीची शिक्षा भोगत होता. मी गाडी वळवून चाचांकडे आणली आणि शंभरापैकी शंभर मिळाल्यासारखी उतरले.

"शॉकअप गेले," ते म्हणाले.

"मिस्त्रीनं दोनदा दाबून पाह्यलं. टणक हाये म्हणे."

चाचांनी स्वतः दाबून पाहिलं. मग कपाळाला आठी घालून गाडीकडे बघत राहिले. "येवढी जुनी गाडी आन येवढी टणक? काहून?" त्यांनी जॅक लावला, मोबाइलची बत्ती पेटवली, खाली वाकले आणि मला बोलावलं. मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये काळ्या रबराचे दोन जाड गुटके, म्हणजे ठोकळे, घट्ट बसवलेले होते. डावीकडे एक, उजवीकडे एक.

"हे कोनं टाकले?"

मी जमिनीवर बसकण मारली. ते मीच टाकले होते. म्हणजे मी टाकून घेतले होते.

सोयाबीनचं बी फार नाजूक असतं. भरलेलं पोतं, आमच्याकडे कट्टा म्हणतात, जोरात आपटलं तरी उगवण जाते. म्हणून बी न्यायचं तर बाळंतीण न्यावी तसं न्यायचं. तीन वर्षांपूर्वी मेडशीकडच्या एका शेतकऱ्याकडून मी चांगलं बियाणं आणलं होतं. मालवाहू गाडीवाले कट्टे फेकतात म्हणून मागची सीट काढून आमच्याच गाडीत भरले, एकावर एक, छतापर्यंत. गाडी मागून इतकी बसली की चाकं वर घासायला लागली. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत ते गुटके ठोकून दिले आणि गाडी परत ऐटीत उभी राहिली. आमच्या भागात कितीतरी जण पेरणीच्या दिवसांत हे करतात. पेरणी झाली की काढून टाकायचे असतात. मी काढले नाहीत. गाडी उंच दिसते, बरं दिसतं, असं म्हणून राहू दिले. पुढच्या दोन्ही पेरण्यांना त्याच भरवशावर अजून कट्टे भरले, आणि मग विसरले. बाबांना तर सांगितलंच नव्हतं. गाडीवर एवढं लादलेलं त्यांना आवडलं नसतं, हे मला माहीत होतं.

चाचांनी गुटके काढले. गाडी मागून मटकन खाली बसली. त्यांनी मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन हात काढला, आणि ती वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली, थांबेचना. शॉकअपच्या नळ्या तेलाने माखून त्यावर धूळ बसलेली होती. म्हणजे ते कधीचेच गेले होते, गुटक्यांच्या टणकपणामुळे कळत नव्हतं. मग त्यांनी मागच्या आडव्या दांड्याला पहार लावली. मागचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून हा दांडा धरून ठेवतो. त्याच्या टोकाचं रबरी बुश, म्हणजे रबराचं कडं, फाटून भुगा झालेलं होतं. पहार हलवली की सगळा अ‍ॅक्सल बोटभर बाजूला सरकत होता.

"गुटक्यानं स्प्रिंग दबेच ना, सारा दनका याच्यावर आला. आता खड्डा लागला की हे असं सरकते," चाचा म्हणाले. "चालवनारा कोनी बी असो."

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या दारात स्टूल टाकून बसले आणि काम होईपर्यंत उठले नाही. मागचे दोन्ही शॉकअप नवे, दोन्ही स्प्रिंगा नव्या, दांड्याचे बुश नवे, टायर नवे. मिस्त्री आधी तोंड फुगवून होता. फाटलेलं बुश हातात आल्यावर मात्र म्हणाला, "गुटके हायेत हे मले आधी सांगाचं ना मॅडम." त्यातही तो खरं बोलत होता. मग मी एकटीच थेट मंगरूळपीरपर्यंत गेले आणि परत आले. जाताना आणि येताना प्रत्येक वळणावर गाडीची मागची बाजू पुढच्या बाजूच्या पाठोपाठ शहाण्यासारखी आली.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात बाजेवर बसले होते, आई उंबऱ्याशी डाळ निवडत होती. मी चावी बाबांच्या शेजारी बाजेवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"बाबा, गाडी बिघडेल व्हती," मी म्हटलं. "मागचं बुश तुटलं व्हतं, शॉकअप गेले व्हते. स्प्रिंगमदी मी रबर टाकलं व्हतं, बी आनाच्या वक्ती. तुमाले सांगतलं नाई. त्याच्यानं झालं सारं. तुमची काईच चूक नोती."

आईचे सुपातले हात थांबले. तिने बाबांकडे बघितलं.

बाबांनी आधी चालकासारखे प्रश्न विचारले. "वळनावर गड्डा लागल्यावरच जाये ना?"

"व्हय."

"सरळ रोडवर कमी?"

"व्हय. लयच कमी."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच महिने झाले, मी मनातल्या मनात तेच वळन घेऊन राह्यलो. रोज. गिअर कधी टाकला, ब्रेकवरून पाय कधी काढला, सारं आठवून पाह्यलं. माही चूक सापडेच ना. म्हनून मले वाटलं, हात तर गेलाच, आता डोकं बी गेलं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. आईने सूप बाजूला ठेवलं, जवळ येऊन बाजेच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "चुकली मी."

चावी अजून तिथेच पडली होती. बाबा काही ती उचलत नव्हते, आणि का उचलत नाहीत ते मला कळलं: मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली होती. मी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.